पमाताईंची उडी

मी एका कागदावर एक खोटं वाक्य लिहिलं. 'जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरही तपासून पाहिलं.' एवढंच. पाहिलं नव्हतं. माझ्या घरात तसा टीव्हीच राहिला नव्हता. आदल्या वर्षी हॉलचं फर्निचर केलं तेव्हा तो भंगारवाल्याला दिला होता. ते वाक्य लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. ते मागे घ्यायला मला सव्वा वर्ष लागलं. त्या सव्वा वर्षात प्रमिला शिवलकर या बाईंचा स्वतःच्या डाव्या हातावरचा विश्वास उडाला, त्यांनी स्कूटर विकली आणि रत्नागिरीच्या परटवण्यातलं आपलं घर बंद केलं.

त्यांना सगळं गाव पमाताई म्हणायचं. वडिलांचं राम आळीच्या मागच्या बोळात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. ताई सकाळी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काम करायच्या आणि संध्याकाळी दुकानात बसून सोल्डरिंगचे डाग द्यायच्या. वडील गेल्यावर त्यांनी रेडिओंची फळी मागे सरकवली आणि पुढच्या जागेत मुंबईहून जुनी आणलेली व्हिडिओ गेमची दोन मशिनं उभी केली. एक गाड्यांच्या शर्यतीचं होतं, ते सारखं बिघडायचं. दुसरं आमचं. त्यावर इंग्रजी नाव होतं, पण रत्नागिरीत त्याला 'परांची' म्हणत. एक टोपीवाला गवंडी बांधकामाच्या परांचीवरून वर वर चढतो, वरून लोखंडी चाकं घरंगळत येतात, त्यांवरून उड्या मारायच्या. चार मजले. चौथ्या मजल्यावरच्या फळ्या सरकत्या. तिथवर पोचणारे गावात तीन-चारजणच असतील. मी त्यात नव्हतो. मी अकरावीत होतो आणि तिसऱ्या मजल्यावर मरत होतो.

ताई खेळायच्या ते उभ्यानं. पदर खोचलेला, चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि उजव्या पायातली चप्पल काढून बाजूला ठेवलेली. अनवाणी पाय फरशीवर टेकलेला असला की तोल कळतो म्हणायच्या. आम्हाला शिकवायच्या त्या शिव्या देऊनच. एकानं चिडून मशिनला बुक्की मारली, तर दुकानाच्या आतून ताईंचा आवाज आला, "मेल्या, मशिनला मारतोस? तुझी आई तुला मारते तेव्हा तू लगेच शहाणा होतोस काय?" लग्नाचा विषय कोणी काढला तर म्हणत, "रोज पन्नास मुलगे माझ्या दारात येतात, पण सगळ्यांचं लक्ष त्या गवंड्याकडे."

त्यांचं एक वाक्य मला अजून पाठ आहे. "डोळ्यावर जाऊ नको. डोळा उशिरा पोचतो. कान आधी पोचतो." टेलिफोनच्या बोर्डावर वीस-वीस लायनी कानानं ओळखणारी बाई ती. गवंड्याच्या पावलांचा 'टिक टिक' असा आवाज यायचा, चाक फळीवरून खाली पडताना वेगळा, उडी टेकताना 'टप' असा. ताई त्या आवाजांवर खेळायच्या.

हे खरं की बढाई, अशी आम्हा पोरांना शंका होती. ती एका संध्याकाळी फिटली. ताई चौथ्या मजल्यावर होत्या, मागे आम्ही दहा-बाराजण श्वास धरून. वर फक्त दोन फळ्या उरल्या होत्या, आणि एकदम पडदा काळा झाला. आत चित्राची वायर सैल झाली होती. चित्र गेलं, पण आवाज चालू. कोणीतरी "अरे अरे" करायला लागला.

"गप रे!" ताई ओरडल्या.

मग त्या काळ्या काचेसमोर उभ्या राहून त्या खेळत राहिल्या. टिक टिक टिक. टप. पुन्हा टिक टिक. थांबल्या. आमच्यातल्या कोणाला काही दिसत नव्हतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. डावा हात जॉयस्टिकच्या दांड्यावर इतका हलका होता, की त्यांनी तो धरलाय की नुसता ठेवलाय तेही कळेना. टप. टप. आणि मग जिंकल्यावर वाजणारी ती चिरकी धून वाजली. ताईंनी चप्पल पायात सरकवली आणि पेचकस शोधायला आत गेल्या. आम्ही टाळ्या वाजवायचंही विसरलो.

पुढे घरोघर टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे डबे आले. चपटी कॅसेट खोचायची की झालं. त्यांच्यासाठी परांचीचीही कॅसेट निघाली. मी मोठ्या उत्साहानं माझा डबा त्यांच्या दुकानात नेला. त्या एक डाव खेळल्या आणि माझ्या हातात परत दिला.

"उडी बुटकी आहे. पावलांचा आवाज नाही. नि चौथा मजला कुठाय?"

"डब्यात जागा कमी असते, ताई. मावला नाही म्हणून काढलाय."

"वा! मावला नाही म्हणून गवंड्याला तिसऱ्यावरनंच घरी पाठवायचं?"

त्या हे विसरल्या नाहीत. दुकान बंद झालं, त्या निवृत्त झाल्या, आणि साठीच्या आसपास त्यांनी ठरवलं की त्याच जुन्या डब्यासाठी परांची नव्यानं लिहायची. जशीच्या तशी, चार मजल्यांची. जुन्या डब्यांसाठी असे प्रोग्राम लिहिणारे हौशी लोक जगभर आहेत. ताईंनी त्यांचे कागद छापून आणले, चौकटीच्या वह्या भरल्या आणि चार वर्षं त्या प्रोग्रामच्या भाषेशी झगडल्या. मी तोवर पाटबंधारे खात्यात कारकून झालो होतो आणि जुन्या खेळांबद्दल मराठीतून बोलणारं एक छोटंसं यूट्यूब चॅनेल चालवत होतो. बऱ्याच रविवारी त्यांच्याकडे जायचो.

पडवीत ते मूळ मशीन होतं. त्याच्या शेजारी स्टुलावर पिक्चर ट्यूबचा टीव्ही, त्याला जोडलेला डबा. ताईंची तपासायची रीत अशी: डावा हात मशिनच्या बटणावर, उजवा हात डब्याच्या बटणावर. दोन्ही गवंडी एकाच जागी उभे करायचे आणि दोन्ही बटणं एकदम दाबायची. मग डोळे मिटून ऐकायचं.

"दोन टप आले तर काम बाकी. एक टप आला की झालं."

असं दिवसातून शंभरदा. त्यासाठी त्या आधी दोन्ही बोटं पाटावर एकत्र आपटून बघायच्या, गवई तंबोरा लावून बघतो तशा. दोन्ही हात एका क्षणी पडतात याची खात्री झाली की मगच बटणाला हात. मी एकदा म्हटलं, हे मोजायला यंत्रं मिळतात. त्या म्हणाल्या, "यंत्र खेळणार आहे काय? माणूस खेळणार. मग माणसानं मोजायला हवं."

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगायला लाज वाटते. या डब्यावर परांची कधीच नीट खेळता येणार नाही, त्याची ताकदच तेवढी नाही, असं मी माझ्या चॅनेलवर तीनदा ठासून सांगितलं होतं. ताईंनी ते ऐकलं होतं. "बोललास ते बोललास," त्या म्हणाल्या होत्या, "आता गिळायची तयारी ठेव." मी हसलो होतो. मनातून मात्र मला ते गिळायचं नव्हतं.

पुण्यात चार-पाचजणांची एक छोटी कंपनी जुन्या डब्यांसाठी नव्या कॅसेट काढते. त्यांना ताईंची परांची आवडली. त्यांची पद्धत अशी, की मूळ मशीन ज्याच्या हाताला माहीत आहे अशा बाहेरच्या माणसाकडून कॅसेट तपासून लेखी अभिप्राय घ्यायचा. परांचीसाठी त्यांनी मला विचारलं. ताईंनी कॅसेट बिस्किटाच्या डब्यात घालून दिली. आत चिठ्ठी: 'पिक्चर ट्यूबच्या डब्बा टीव्हीवरच खेळ. सपाट नको.'

मी सपाट टीव्हीवरच खेळलो. सोमवारपर्यंत अभिप्राय द्यायचा होता, डब्बा टीव्ही शोधायचा कंटाळा होता, आणि ती चिठ्ठी मला म्हातारपणाचा हट्ट वाटली. सपाट टीव्ही जुन्या डब्याचं चित्र आपल्या पद्धतीनं बदलून घेतो आणि त्यात क्षणाचा एक तुकडा जातो, हे मी वाचलेलं होतं. माझ्या महागड्या टीव्हीला तसं होत नसणार, असं मी धरून चाललो.

बटण दाबलं की गवंडी किंचित थांबून उडायचा. चाक पायावर. पुन्हा. पुन्हा. चौथा मजला होता, पावलांचे आवाज होते, सगळं होतं, पण उडी उशिरा. त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. मी बरोबर ठरलो होतो. 'दिसायला अप्रतिम, पण उडी उशिरा लागते, त्यामुळे मूळ खेळाचा प्राण हरवतो,' असं मी लिहिलं. खाली ते एक वाक्य जोडलं. कंपनीनं कॅसेट काढायची रद्द केली.

ताईंचा फोन आला. रागावतील म्हणून मी तयारीत होतो.

"शिरीष, डब्बा टीव्हीवर बघितलास ना?"

"हो, ताई."

ताई म्हणाल्या, "मग माझंच कायतरी आहे."

त्या 'माझंच'चा अर्थ मला पुढच्या रविवारी कळला. त्यांनी तो वहीत मांडला होता. मशीन डाव्या हातात, डबा उजव्या हातात. दोघांचा टप एकच येतो. तरी डब्याची उडी उशिरा आहे, हे तर शिरीषनं तपासून सांगितलंय. म्हणजे डावा हातच मागे पडतोय. तो उशिरा पडतो, मशीनवरचा गवंडी उशिरा उडतो, आणि मी डब्यातली उडी त्या उशिराला जुळवत बसले. हिशोब अगदी चोख होता. फक्त त्याची पहिली ओळ मी दिलेली होती.

"आईचं असंच सुरू झालेलं," त्या डावा पंजा उलटसुलट करत म्हणाल्या. "डाव्या हातापासनंच. आधी भांडी सुटायला लागली, मग सहा वर्षं अंथरुणावर. मला वाटायचं दोन्ही बोटं पाटावर एकदम पडतात. कानही फसवायला लागलाय म्हणजे."

मी म्हणालो, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हणून ताई जास्तच घाबरल्या.

तोवर माझा गुन्हा आळसाचा आणि गर्वाचा होता. पुढचा तसा नाही. दोन महिन्यांनी देवरूखच्या कॉलेजात जुन्या खेळांवर बोलायला मला बोलावलं. मी डबा आणि ताईंची कॅसेट नेली. कॅसेट माझ्याकडेच राहिली होती, त्यांनी मागितली नव्हती. घरच्या खेळात उडी कशी चुकते, हे मुलांना दाखवायचं होतं. कॉलेजवाल्यांनी कुठल्याशा जुन्या खोलीतून टीव्ही आणून मांडला होता. पिक्चर ट्यूबचा, डब्बा.

समोर साठ-सत्तर मुलं. मी म्हणालो, "आता नीट बघा, मी बटण दाबेन आणि उडी उशिरा लागेल." दाबलं. गवंडी उडाला. त्याच क्षणी. टप.

माझ्या बोटांना ते आधी कळलं. चौतीस वर्षांपूर्वीची ती राम आळीतली उडी होती, केसभरही फरक नसलेली. चाक खालून निघून गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच. मुलं वाट बघत होती. पहिल्या रांगेतला एकजण म्हणाला, "सर, बरोबर उडाला की!"

काहीजण हसले. तिथे एवढंच म्हणायला हवं होतं, की मित्रांनो, मी चुकलो होतो. साधं वाक्य होतं. मी ते म्हटलं नाही. पुढचं चाक आलं तेव्हा मी मुद्दाम बटण उशिरा दाबलं. चाक गवंड्याच्या पायांवर गेलं. "बघितलंत?" मी म्हणालो. मुलांनी माना डोलावल्या.

परतीच्या गाडीत मी ठरवलं की उद्याच ताईंना सांगायचं. उद्या जमलं नाही. पुढच्या आठवड्यात गेलो, तर त्या दारातच उभ्या होत्या. बाहेर एक माणूस त्यांची स्कूटर चालू करून बघत होता. तीस वर्षं ती बाई रत्नागिरीच्या चढउतारांवर स्कूटर चालवत होती. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत तिचा हॉर्न लोक ओळखायचे.

"विकली," ताई म्हणाल्या. "ब्रेक दाबायला उशीर झाला नि एखादं पोर खाली आलं तर?"

आत आम्ही बसलो. मशिनवर चादर टाकलेली होती. त्यांनी चहा आणला, कप उजव्या हातात धरून. डावा हात मांडीवर होता, स्वतःचा नसल्यासारखा. मग त्यांनी तो उचलून माझ्यासमोर धरला.

"शिरीष, तू मला लहानपणापासनं खेळताना बघितलंयस. खरं सांग. माझा हात उशिरा पडतो?"

पमाताईंनी स्वतःबद्दल मला आयुष्यात दुसरं काही विचारल्याचं आठवत नाही. त्या सांगायच्या, आम्ही ऐकायचो. तो हात माझ्या नाकासमोर होता. स्थिर. जराही थरथर नाही. खोटं वाक्य, देवरूख, ती मुलं, सगळं तिथेच सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "वयानं होतं थोडं, ताई."

त्यांनी मान हलवली आणि हात परत मांडीवर ठेवला.

त्यांचा थोरला भाऊ दापोलीजवळ मुरुडला राहतो. नारळ-सुपारीची वाडी आहे. दिवाळीनंतर तो येऊन त्यांना घेऊन गेला. एकटीनं राहायची आता भीती वाटते, असं त्यांनीच कळवलं होतं म्हणे. मशीन चादरीखालीच राहिलं, घराला कुलूप लागलं. मी गाडीत सामान चढवायला गेलो होतो. सगळ्यांनी माझं कौतुक केलं.

मग कित्येक महिने मी चॅनेलवर काही टाकलं नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. एक दिवस पुण्याहून मेल आला. दुसऱ्या एका कॅसेटवर अभिप्राय हवा होता. सोबत एक कागद होता, आणि त्यात एक ओळ आधीच छापलेली: जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर तपासून पाहिलं आहे. माझ्या त्या अभिप्रायावरूनच त्यांनी ती ओळ कायमची घातली होती. खाली फक्त सही करायची.

त्या कागदाऐवजी मी त्यांना चार पानं लिहिली. सगळं लिहिलं, देवरूखही. त्यांचं कोरडं उत्तर आलं: यंदाची यादी ठरली आहे, परांची दुसऱ्या कोणाकडून पुन्हा तपासून घेऊ, आपल्याला यापुढे तसदी देणार नाही. चॅनेलवरही मी सांगून टाकलं. लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं. पण ताईंना तोंडावर सांगणं राहिलं होतं, आणि फोनवर सांगायचं नाही एवढं तरी मला कळत होतं.

मुरुडला पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. खळ्यात सुपारी वाळत पसरलेली. तीन बायका बसून सुपारी सोलत होत्या, भाऊ खुर्चीवर. ताई त्यांच्यापासून जरा लांब पायरीवर बसलेल्या, हातात काही नाही. मला त्यांचे रिकामे हात कधी बघितल्याचं आठवेना.

"काय रे शिरीष? वाट चुकलास?"

मी उभ्यानंच सुरू केलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो. सपाट टीव्हीबद्दल सांगितलं. चिठ्ठी वाचूनही ऐकलं नाही, हे सांगितलं. फोनवरचं 'हो' सांगितलं. देवरूखला बटण मुद्दाम उशिरा दाबल्याचं सांगितलं. बायकांचे हात थांबले. ताईंच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता येईना. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, मान किंचित कलती करून नुसतं ऐकत होत्या.

"म्हणजे मी तुला हात दाखवला," त्या सावकाश म्हणाल्या, "तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"ठाऊक असून वयावर घातलंस."

"हो, ताई."

शिव्या येतील म्हणून मी वाट बघत राहिलो. आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून पायरीवरून एक सुपारी उचलली, डाव्या हातानं, आणि मुठीत धरून बसल्या.

"ताई, मला माफ..."

"मला कशाला सांगतोस?" त्यांचा आवाज एकदम चढला. "मला कळलं. ह्याला सांग!" त्यांनी भावाकडे बोट केलं. "वर्ष होत आलं, हा मला गॅस पेटवू देत नाही. विळीला हात लावू देत नाही. विहिरीवर जायचं तर माझ्यामागनं माणूस पाठवतो. मीच सांगितलंय ना त्याला, माझा हात गेलाय म्हणून. आता मी उलटं सांगितलं तर म्हणेल, म्हातारी चळली. तू सांग. नि मोठ्यानं सांग, ऐकू कमी येतं त्याला."

मी भावाच्या खुर्चीजवळ गेलो. म्हातारा संशयानं माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "ताईंच्या हाताला काही झालेलं नाही."

"काय?" त्यानं कानाला पंजा लावला.

"अजून मोठ्यानं," मागून ताई म्हणाल्या.

सोलणाऱ्या बायका ऐकत होत्या. कुंपणापलीकडून जाणारा एक माणूस थांबला. मी वळून पाहिलं. ताई पायरीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. मी म्हाताऱ्याच्या कानाशी वाकलो आणि सबंध वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडलो, "त्यांचा हात कधीच चुकला नव्हता! मी चुकलो, मी खोटं बोललो, आणि कळल्यावरही गप्प बसलो! मला माफ करा!"